नावबहीण

शुक्रवार, ५ सप्टेंबर. दुपार

पोचलो! पायांत दोन-दोन मोजे, अंगात माझा स्वेटर, त्यावर केलेराचा स्वेटर, तरी दात वाजताहेत, पण पोचलो. माझ्या घरातलं कुणी आजवर आमच्या राजधानीच्या, सुवाच्या, पलीकडे गेलेलं नाही. आई सुवालासुद्धा एकदाच आली, एप्रिलमध्ये, माझ्या पदवीदानाला, आणि सभागृहात इतकी रडली की शेजारच्या अनोळखी बाईने आपला रुमाल तिला कायमचाच देऊन टाकला. आणि मी आज वेलिंग्टनमध्ये, टेकडीवरच्या एका लाकडी घरात, खिडकीपाशी बसून लिहिते आहे.

सगळं श्रेय केलेराचं. चार वर्षं वसतिगृहात एका खोलीत काढली आम्ही. परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या डोक्याला तेल लावून देणारी ती, माझ्या तावेउनी बेटाहून बोट आली नाही म्हणून मी नाताळात अडकले तेव्हा स्वतःच्या घरी न जाता माझ्याबरोबर थांबणारी ती. विमान कंपनीच्या कचेरीत नोकरी लागल्यावर तिने मला पदवीची भेट म्हणून हे तिकीट दिलं. शुक्रवारी जायचं, सोमवारी सकाळी परत. व्हिसाचे कागद तिनेच भरले. पासपोर्टही तिच्याच पिशवीत, कारण मी म्हणे वस्तू ठेवते एकीकडे आणि शोधते दुसरीकडे.

सोमवारी दुपारी नांदीच्या विमानतळावर, तिथून छोट्या विमानाने तावेउनी, आणि मंगळवारी सकाळी आठ वाजता मी आमच्या गावच्या शाळेत तिसरीच्या वर्गापुढे उभी. एकोणीस मुलं! सुवातली नोकरी नाकारली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण मी तिसरीत होते तेव्हा आमच्या वर्गाला वर्षभर बाईच नव्हत्या. आम्ही रोज जायचो, फळा पुसायचो आणि घरी यायचो. ते मी विसरलेले नाही.

केलेरा मघाशी म्हणाली, बाई, आता लिहिणं पुरे, नाहीतर त्या एकोणीस पोरांना परदेश म्हणजे एक खिडकी एवढंच सांगाल. जाते.

शुक्रवार. संध्याकाळ, जेवणाआधी

किती गंमत झाली ते लिहून ठेवते.

हे घर केलेराच्या आत्याचं. लैसानी आत्या. रस्त्यापासून दारापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर वारा वेगळ्या बाजूने मारतो. आत्या दारातच उभी होती. उंच, पाठीत जराशी वाकलेली, केस अजून काळे. तिने केलेराकडे पाहिलंही नाही. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नाव विचारलं. उनाईसी, म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मला वाटलं ऐकायला कमी येत असेल, म्हणून जरा मोठ्याने सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि मग म्हणाली, माझ्या मुलीचं नाव.

तिची मुलगी म्हणजे माझी नावबहीण! मी केलेराला चिमटाच काढला. चार वर्षांत एकदा तरी सांगायचं ना? ती म्हणाली, मुद्दाम नाही सांगितलं, तुझा चेहरा बघायचा होता. नावबहीण म्हणजे काय थट्टा नाही. तिचं घर ते माझं, तिची आई ती माझी आई. आत्याने लगेच बजावलंच, आत्या केलेराची, तू आई म्हणायचं. शेजारचे सेरू आजोबा आले होते, ते म्हणाले, घ्या, लैसानीला भांडी घासायला हक्काची मुलगी मिळाली. मी म्हटलं, आजोबा, मी पदवीधर आहे, भांडी घासते पण कारणासकट. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

नावबहीण कुठे आहे म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली, समुद्रावर गेली आहे. इथून दक्षिण बेटावर फेरीबोटी जातात, त्यांतल्या एखादीवर कामाला असावी.

मग चटई अंथरली आणि आमच्याकडून यंगोनाच्या, आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी आजोबांपुढे ठेवली. पाहुण्याने घरात येऊन मुळ्या दिल्याशिवाय तो घरातला कसा होणार? पाहुण्याच्या वतीने बोलतो तो दुसराच कुणीतरी, आणि शक्यतो पुरुष; पण आमच्यात पुरुष नव्हता, म्हणून केलेरा बोलली. मला तिचा केवढा अभिमान वाटला! आमची केलेरा, जी वर्गात उठून प्रश्न विचारायलाही घाबरायची, ती मान खाली घालून, न अडखळता, पाच मिनिटं बोलत होती. ते सगळं त्यांच्या कांदावू बेटाच्या बोलीत. त्या बोलीतलं मला पाण्याला काय म्हणतात एवढंही येत नाही. आपल्या वतीने काय बोललं जातंय हे न कळता बसायला जरा अवघडल्यासारखं झालं. पण असतं तेच असणार, आम्ही लहान, तुम्ही थोर, आमचं हे किरकोळ स्वीकारा. मध्ये दोनदा माझं नाव आलं. शेवटी केलेराने माझ्याकडे पाहिलं. मी हातांची ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली, बोललेलं मान्य म्हणून, आईने शिकवल्यासारखी, खोल आवाजाची. आजोबांनी जुडीला हात लावला आणि स्वीकार केला.

आत्या रडली. केलेरा तिथून उठून बाहेर गेली आणि बेचाळिसाव्या पायरीवर बसून राहिली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, काही नाही, सुटल्यासारखं वाटतंय. इतकं बोलायचं म्हणजे दडपण असणारच.

शनिवार, ६ सप्टेंबर. सकाळ

मला नावबहिणीची खोली दिली आहे. केलेरा आत्याजवळ झोपली. पलंगावर गादीला मधोमध खळगा आहे, कुणाच्या तरी सवयीचा, आणि मी त्यात अशी बसले की रात्रभर कूस बदलली नाही. कपाटातून आत्याने तिचा कोट काढून दिला. गडद निळा, जाड. माझ्याकडे कोट नाही हे केलेराने कळवलं असणार. बाह्या माझ्या मनगटाशी बरोबर संपतात. फक्त त्यांच्या कडा ओलसर आहेत. मी हीटरपुढे तासभर धरल्या. इथल्या हवेत काही वाळत नाही म्हणतात.

न्याहारीला आत्याने अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवली होती, त्यात मासा. परदेशात येऊन घरचंच! केलेराने खाल्लं नाही. मी दोघींचं खाल्लं.

आज शहर बघायचं.

शनिवार. दुपार

केबल कारने वर गेलो, पायी उतरलो. मी पाच पानं गोळा केली आहेत, वेगवेगळ्या आकारांची. ती नेता येणार नाहीत, विमानतळावर काढून घेतील, म्हणून त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवून इथे मागच्या पानांवर आकृत्या काढल्या. इथली झाडं कशी असतात हे मुलांना शब्दांनी किती सांगणार?

 एरवी केलेरा माझे इतके फोटो काढते की मी वैतागते. आज एकही नाही. मी म्हटलं, चल, दोघींचा काढू. म्हणाली, नको, वाऱ्याने केस बघ कसे झालेत. बंदरावर फिरताना ती सतत माझ्या आतल्या बाजूने चालत होती, मी पाण्याच्या बाजूला. चुकून मी आत सरकले, तर तिने मला दोन्ही हातांनी परत बाहेर केलं. वसतिगृहात असतानाही ती समुद्रात कधी पाय बुडवायची नाही. बेटावरची मुलगी आणि पाण्याला भिते, म्हणून सगळ्या तिला चिडवायच्या.

एक विचित्र झालं. बसमध्ये चढलो तर चालक माझ्याकडे बघून म्हणाला, बऱ्याच दिवसांनी, पाठ बरी आहे का आता? मला वाटलं माझ्या मागच्या कुणाशी बोलतोय. मागे कुणी नव्हतं. मी केलेराला हसत म्हटलं, बघ, कोटाचीसुद्धा ओळख असते. ती खिडकीबाहेर बघत होती. तिचे डोळे भरले होते. मी हात धरला तर तिने तो इतका घट्ट दाबला की अजून दुखतोय.

शनिवार. चारच्या सुमारास

आत्याने अल्बम दाखवला. नावबहिणीचा फोटो एकच आहे, बाकी जागा रिकाम्या, चिकटवल्याचे डाग तेवढे राहिलेत. गोल चेहऱ्याची, डाव्या भुवईवर वण असलेली मुलगी. माझ्यासारखी मुळीच नाही. डाव्या हातात पेन धरून ती वहीत काहीतरी लिहिते आहे. मी विचारलं, ही सोमवारच्या आत येईल का, मला भेटायचंय तिला. आत्या म्हणाली, आली की.

मग त्या दोघी स्वयंपाकघरात कसाव्याचे कंद सोलत बोलत होत्या, त्यांच्या बोलीत. मी इथे खिडकीशी. आत्याने सेरू आजोबांच्या दातांबद्दल काहीतरी सांगितलं, प्रार्थनेच्या वेळी कवळी कशी निसटली ते. आणि मी हसले. मोठ्याने.

दोघी थांबल्या. मीही थांबले.

कवळीला त्या बोलीत काय म्हणतात हे मला माहीत नाही. काल रात्रीपर्यंत तर नक्कीच नव्हतं.  सोललेला कसावा आत्याने पाण्यात टाकला आणि सुरी केलेराच्या हातून काढून घेतली.

कदाचित चार वर्षं केलेराच्या फोनवरच्या गप्पा कानावर पडून थोडं शिकले असेन. भाषा अशाच येतात. मुलांना हे सांगितलं पाहिजे.

कोटाच्या बाह्या अजून ओल्या आहेत. मी जीभ लावून पाहिली. खारट.

रविवार, ७ सप्टेंबर. दुपार, दीड वाजता

सावकाश लिहायचं. क्रमाने लिहायचं.

सकाळी चर्चला गेलो. आमच्याच लोकांचं चर्च, पांढरे कपडे, सगळं घरच्यासारखं. दारात बायका एकेक करून पुढे येत होत्या आणि माझ्या गालाला गाल लावत होत्या. नव्या पाहुणीला भेटतात तसं नाही. आजारातून उठलेल्या माणसाला भेटतात तसं. एकीने मला म्हटलं, तुझ्या आईची तब्येत बघ कशी सुधारली दोन दिवसांत. माझी आई तावेउनीला आहे, असं मी म्हणणार होते.

मग मागच्या सभागृहात जेवण झालं. सेरू आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले. केलेराचं कौतुक करत होते. सत्तर वर्षांत एका पोरीच्या तोंडून इतकं नेमकं बोलणं ऐकलं नाही, म्हणाले. आणि शुक्रवारचं तिचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं, चुलत्याने पुतणीचं बक्षीस मिरवावं तसं:

ही तुमची उनाईसी. ही माझ्या हातून पाण्यात गेली होती, माझ्याच हाताने परत आणली आहे. आता माझ्या मानेवरचं ओझं उतरवा. ही हिच्या घरी आली आहे. ही इथून जाणार नाही.

आणि तू टाळी वाजवलीस, आजोबा म्हणाले. मी म्हटलं, मला तुमची बोली येत नव्हती, मला काय बोलताहेत ते कळलं नव्हतं. मी टाळी रीत म्हणून वाजवली. आजोबांनी माझ्या ताटात आणखी एक माशाचा तुकडा वाढला. रीत म्हणूनच तर सगळे वाजवतात, म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, मला तुमची बोली येत नाही. तेव्हा ते हसले, अगदी मायेने, आणि म्हणाले, अगं बाळ, मग आत्ता आपण कुठल्या बोलीत बोलतोय?

रविवार. तीन वाजता

केलेराला पायऱ्यांवर गाठलं. तिची पिशवी भरलेली होती. तिचं विमान उद्याचं नव्हतंच, आजचं होतं.

तिने सगळं सांगितलं. खोटं बोलली नाही, याचाच जास्त राग येतो. पाच वर्षांपूर्वी ती इथे आत्याकडे राहायला आली होती. दोघी बहिणी आयलंड बेच्या किनाऱ्यावर गेल्या, लाट आली, हात धरलेला होता आणि केलेराने सोडला. धरून ठेवला असता तर दोघी गेल्या असत्या, म्हणाली. प्रेत मिळालं नाही. आत्याने तिला शिव्या दिल्या नाहीत, फक्त म्हणाली, तू नेलीस, तू आण. तेव्हापासून रोज, भर दुपारी, जिथे केलेरा असेल तिथे, वर्गात, बसमध्ये, कचेरीत, शेजारच्या खुर्चीवर ती बुडालेली बहीण ओल्या बाह्यांनी येऊन बसायची.  हात पुढे करायची. शुक्रवारपासून नाही आली, केलेरा म्हणाली. शुक्रवारपासून एकदाही नाही.

मग मला ते आठवलं. वसतिगृहाचा पहिला दिवस. दारावर नावांची यादी लावली होती आणि एक मुलगी तिच्यावरून बोट फिरवत उभी होती. माझ्या नावाशी बोट थांबलं. वळून तिने विचारलं होतं, उनाईसी कोण? माझ्याशी खोली घेशील?

मला वाटायचं, इतक्या मुलींतून हिने मला निवडलं. मी आईला पत्रात लिहिलं होतं तसं.

मी विचारलं, चार वर्षांत एक दिवस तरी तू माझी मैत्रीण होतीस का? म्हणाली, रोज होते, म्हणून तर चार वर्षं लागली. मी म्हटलं, माझी शाळा? ती म्हणाली, शाळेला दुसरी बाई मिळेल, उना. आत्याला दुसरी उनाईसी कुठून मिळणार? आणि मग, पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाली, तू नाही म्हणत नाहीस ना कधी कुणाला, त्यामुळे सोपं गेलं.

बेचाळीस पायऱ्या ती पळत उतरली. पासपोर्ट तिच्या पिशवीत.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. मागून आत्याने शाल आणून खांद्यावर टाकली.

रविवार. संध्याकाळ

कुणी मला कोंडलेलं नाही. दार उघडं आहे. आत्या विचारते, चहा घेतेस का. त्यात धमकी नाही, काही नाही.

विमानतळ इथून चालत अर्ध्या तासावर आहे. उद्या सकाळी जाईन. पासपोर्ट चोरीला गेला म्हणून सांगेन. पदवीधर आहे मी. मला बोलता येतं.

आरशात पाहिलं. डाव्या भुवईवर — सुरकुती असेल. थंडीने कातडी फुटते.

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळ

गेले होते. खिडकीवरची मुलगी चांगली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पुन्हा सांगाल का, मला तुमची भाषा येत नाही.

मी इंग्रजीत बोलत होते. मला वाटलं मी इंग्रजीत बोलते आहे.

तिने कुणाला तरी बोलावलं. आमच्यापैकीच एक, सफाईचं काम करणारी बाई. ती मला बघताच म्हणाली, अगोबाई, ही लैसानीची मुलगी. पाठीचा त्रास आहे हिला, आणि मधून मधून असं करते. तिने मला हाताला धरून बसमध्ये बसवलं. चालकाने विचारलं, पाठ कशी आहे?

दुखते आहे. आज खरंच दुखते आहे.

नांदीचं विमान डोक्यावरून गेलं. मी पायऱ्यांवर बसून पाहिलं.

सोमवार. अकरा वाजता

आत्याने फोन पुढे केला. म्हणाली, कर ना, कुणाला करायचाय त्याला कर.

गावातल्या दुकानात लावला. दुकानदाराने आईला बोलावून आणलं. मी तिचा श्वास ओळखला, ती चढ चढून आली की असाच — मी म्हटलं, आई, मी. मी येऊ शकत नाही. कुणाला तरी पाठव. आई ऐकत राहिली. मग आपण परक्या माणसाशी बोलतो त्या जपून-जपून बोलीत विचारलं, कोण बोलतंय, ताई? तुमचं बोलणं मला नीट कळत नाही. कांदावूच्या का तुम्ही?

मी शाळेतली भाषा बोलून पाहिली. तोंडातून तेच आलं. आवाजही — जाड, अनोळखी.

मी फक्त नाव घेतलं. उनाईसी. उनाईसी. उनाईसी.

आणि आई आनंदली. किती आनंदली! म्हणाली, म्हणजे माझ्या मुलीची नावबहीण तुम्ही! ती तुमच्याच शहरात आलीय बघा, भेटली का? आज येतेय ती. उद्यापासून आमच्या शाळेत बाई होणार. मग तूही माझी मुलगीच की गं, कधी तावेउनीला आलीस तर इथेच उतरायचं हं. आता ठेवते, तिला आणायला जायचंय, नवा झगा घातलाय मी.

ठेवला.

सोमवार. दुपारी

पेन डाव्या हातात आहे. कधीपासून ते माहीत नाही. उजव्यात घेतलं. अक्षर येत नाही, पहिलीतल्या मुलासारख्या रेघा. परत डाव्यात.

आई म्हणाली — आत्या. आत्या म्हणाली, जेवून घे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आठ वाजले. तिथे आठ वाजले असतील किंवा वाजायचे असतील, मला फरक आठवत नाही. ती मुलं आली असतील. फळा पुसून बसली असतील. बाई नाही. पुन्हा बाई नाही —

एक गोष्ट कळली. बोली जाते. हात जातो. चेहरा तर गेलाच, आरशात बघत नाही. पण राग जात नाही. केलेरावर राग आहे तोपर्यंत मी मी आहे. कारण हिला — जी माझ्यात येते आहे तिला — केलेराचा राग नाही. ती केलेरावर माया करायची. हात सुटला तरी माया करायची. मला काल दुपारी एकदम वाटून गेलं, बिचारी केलेरा, एकटीच गेली, विमानात काही खाल्लं असेल का — आणि मी हाताला चावले. रक्त येईपर्यंत. तो विचार माझा नाही. तो माझा नाही.

म्हणून लिहून ठेवते. मोठ्या अक्षरांत. खाली रेघ.

केलेराने मला विकलं नाही, दिलं. विकलं असतं तर निदान तिला लाज — केलेराने यादीवर बोट ठेवलं. केलेराने माझ्या डोक्याला तेल लावलं आणि यादीवर बोट ठेवलं होतं. केलेराने माझ्या हातून टाळी वाजवून घेतली. विसरायचं नाही. रोज सकाळी वाचायचं. रोज चिडायचं.

वार माहीत नाही. ऊन आहे

केलेराचा फोन आला. आईने हाक मारली, ये, बहीण बोलतेय.

रडत होती. मी म्हटलं, वेडाबाई, रडतेस काय? किती दिवस झाले, एक फोन नाही. जेवतेस ना? पाण्याला अजून भितेस का गं? ती आणखीच रडायला लागली. माफ कर, माफ कर, म्हणत राहिली. मला हसू आलं. म्हटलं, कशाबद्दल?

 मग तिने फोन ठेवलाच.

तेव्हापासून काहीतरी टोचतंय. कशाबद्दल माफी. काहीतरी होतं. ही वही गादीखाली मिळाली. पुढची सगळी पानं भरलेली आहेत, कुणाचं तरी अक्षर, उजव्या हाताचं, सुंदर, शाळेच्या बाईंसारखं, शेवटची पानं मात्र डाव्या हाताची. कुठल्या बेटाची बोली आहे ती, मला लागत नाही. मागे झाडाच्या पानांच्या आकृत्या आहेत. एकच शब्द कळतो. केलेरा. पुन्हा पुन्हा केलेरा, आणि खाली रेघ, इतकी दाबून की कागद फाटला आहे. ज्या कुणी लिहिलं तिला फार — माझ्या छातीत पण तसंच होतंय वाचताना, काही कळत नाही तरी. आई, हे कोणाचं — नको, आईला विचारायचं नाही. का नको? थांब. केलेरा. केलेराने माझं काय —